कुसुमताईंचे दात

प्रिय ईशा आणि निहार,

परवा व्हिडिओवर बोलताना ईशाने फ्रिजमधल्या पाण्याचा घोट घेतला आणि गाल धरून डोळे मिटले. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आजी, दातांत कळ जाते. नवीन पेस्ट आणलीये, होईल बरं." आणि तिने जी ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरली ती काळीभोर होती. वर चकचकीत अक्षरांत लिहिलं होतं, चारकोल. म्हणजे कोळसा.

कुठली पेस्ट घ्यायची याचं उत्तर चार ओळींत देता येईल. पण नुसत्या चार ओळी पाठवल्या तर ईशा त्या वाचून विसरेल. म्हणून ज्यांच्यामुळे मला ते उत्तर मिळालं, त्या कुसुमताई पगारेंबद्दल सांगते. लहानपणी सुट्टीत नाशिकला आलात की समोरच्या फ्लॅटमधल्या ज्या बाई तुम्हाला फ्रीजरमधली द्राक्षं खायला देत, त्याच या.

कुसुमताई मूळच्या सायखेड्याच्या. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. उंचीने बेताच्या, अंगावर कायम कडक इस्त्रीची सुती साडी, हातात एकही बांगडी नाही, फक्त घड्याळ. हॉलमध्ये बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, आणि त्यावर कधी धूळ दिसली तर मी माझं नाव बदलेन. बोलणं शहरी, स्वच्छ. पण राग आला की एकदम सायखेडा बाहेर यायचं. 'नाही'चं 'नाय' झालं की बिल्डिंगमधली माणसं जिन्यातूनच परत फिरत.

माफ करणं त्यांना जमत नसे, आणि जमावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. मला म्हणायच्या, "मॅडम, मी भांडत नाही. मी थांबते."

थांबते म्हणजे काय, ते आधी सांगते.

वरच्या मजल्यावर भामरेवहिनी राहतात. त्या फरशी पुसलेलं फडकं गॅलरीतून खाली पिळायच्या. खाली कुसुमताईंच्या कुरडया वाळत असायच्या. एकदा सांगून झालं, दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा कुसुमताईंनी काहीच सांगितलं नाही. त्या भिजलेल्या कुरडया तशाच वाळवल्या, वेगळ्या डब्यात भरल्या आणि दिवाळीपर्यंत ठेवल्या. दिवाळीत भामरेवहिनींना खास फराळाला बोलावलं. कुरडई तळून पुढे ठेवली. वहिनींनी दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाल्या.

"होणारच," कुसुमताई म्हणाल्या. "तुमच्याच फरशीचं पाणी प्यायल्यात त्या."

त्यानंतर भामरेवहिनींची फडकी बाथरूममध्ये पिळली जाऊ लागली. गंमत म्हणजे दोघींचं जाणं-येणं पुढे वाढलंच.

ऑफिसमधलीही एक गोष्ट त्या सांगायच्या. त्यांचे एक साहेब त्यांना कधी नावाने हाक मारत नसत. "ए टायपिस्ट" म्हणत. वर्षानुवर्षं. साहेब निवृत्त झाले तेव्हा मानपत्र लिहून वाचायचं काम कुसुमताईंकडे आलं, कारण त्यांची भाषा चांगली. त्यांनी पानभर मानपत्र वाचलं. त्यात साहेबांच्या कामाचं, शिस्तीचं, वक्तशीरपणाचं कौतुक होतं. फक्त साहेबांचं नाव नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'सदर अधिकारी'. लोकांना वाटलं सरकारी भाषा असेल. साहेबांना मात्र कळलं. हार घालून घेताना ते हळूच म्हणाले, "नाव विसरलात वाटतं, पगारेबाई." कुसुमताई सांगायच्या, "पहिल्यांदा म्हणाले ते पगारेबाई. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी."

आता नानांकडे येते.

नाना आमच्याच सोसायटीत, पुढच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. तेही एकलहऱ्याचेच, निवृत्त इंजिनिअर. पांढरी पँट, पांढरा शर्ट, सकाळच्या हास्यक्लबचे प्रमुख, सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमाला माईक त्यांच्याच हातात. त्यांना आयुर्वेदाचं भारी वेड, पण कुठे शिकलेले नव्हते. बदामाची टरफलं जाळून त्याचा कोळसा, त्यात जाडं मीठ, तुरटी आणि आणखी काय काय घालून ते काळं दंतमंजन करत आणि डब्या भरून फुकट वाटत. कसं घासायचं तेही करून दाखवत. पहिलं बोट हिरडीवर दाबून आडवं जोरात फिरवायचं. "किरकिर वाजली पाहिजे! वाजली नाही म्हणजे दात स्वच्छ नाहीत. पेस्ट म्हणजे नुसता साबणाचा फेस."

मी ते मंजन कुंड्यांत टाकलं. कुसुमताईंनी मनापासून वापरलं. वर्षानुवर्षं, दोन्ही वेळा, किरकिर वाजेपर्यंत. कुठलीही गोष्ट अर्धवट करायची त्यांना सवयच नव्हती. हळूहळू त्यांचे दात हिरडीजवळ झिजले, खाचा पडल्या. गार पाणी सोसेना, मग गरम चहा सोसेना, मग पेरू सोडला, चिंच सोडली. थंडीत पहाटे बोलताना तोंडाशी पदर धरू लागल्या. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "घासणं कमी पडतंय. जोर वाढवा." त्यांनी जोर वाढवला.

मग ते स्नेहसंमेलन झालं. मे महिना होता, सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी घरं जमलेली, जेवणानंतर स्टीलच्या वाट्यांतून आइस्क्रीम. कुसुमताईंनी आपली वाटी बाजूला सरकवून ठेवली. नानांनी ते पाहिलं. हातात माईक होताच.

"अहो कुसुमताई, आइस्क्रीम का नाही? दात दुखतात? माझं मंजन वापरून?" लोक हसले. नानांना आणखी चेव आला. "आता पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडे दात घासायची पद्धतच नाही, त्याला माझं मंजन तरी काय करणार!"

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, म्हणून स्पष्ट लिहिते. ही दातांची चेष्टा नव्हती. हे त्यांच्या जातीवर बोलणं होतं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. ज्या बाईच्या घरात धुळीचा कण सापडत नाही, तिला स्वच्छता येत नाही असं माईकवरून सांगितलं गेलं; आणि तिचे दात गेले होते ते सांगणाऱ्याच्याच मंजनाने.

कुसुमताईंनी सरकवलेली वाटी परत ओढली आणि सगळं आइस्क्रीम खाल्लं. घाईने नाही. एकेक चमचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. वाटी रिकामी झाल्यावर उठल्या, बेसिनपाशी जाऊन स्वतः धुतली आणि पालथी घातली.

जिन्यात मी म्हटलं, कमिटीला सांगूया, मी बोलते. त्या थांबल्या.

"तुम्ही काय बोलायचं नाय, मॅडम. हे माझं हाय. ज्या माईकवर बोलले, त्याच माईकवर मागं घेतील. याच लोकांसमोर. तोवर मी कुठं जात नाय."

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यांचा मुलगा नागपूरला असतो, तो त्यांना कधीचा कायमचं बोलावत होता, आणि त्यांचं जायचं ठरतही आलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी त्याला फोनवर सांगितलं, "इतक्यात नाही रे. इथे एक काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तोंडात आरसा घातला आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, मंजन कुठलं वापरता?" कुसुमताईंनी पर्समधून डबी काढून दिली. तिने चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "याने तर आमच्या स्टीलच्या ट्रेवरही चरे पडतील." ज्या दातांना फारच खाचा होत्या, त्या तिने भरून दिल्या. बाकीच्यांसाठी योग्य पेस्ट कशी निवडायची ते समजावलं.

संध्याकाळी आम्ही दोघी मेडिकलमध्ये गेलो. ईशा, इथून पुढे नीट वाच.

"सेन्सिटिव्ह दातांच्या सगळ्या पेस्ट काढ," कुसुमताई दुकानदाराला म्हणाल्या.

"काकू, सगळ्या सारख्याच असतात. ही घ्या."

"सारख्या आहेत तर इतक्या ठेवल्यास कशाला? काढ."

त्याने काउंटरवर ट्यूबांची रांग लावली. कुसुमताईंनी चष्मा चढवला आणि प्रत्येक ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. समोर 'सेन्सिटिव्ह' असं कितीही मोठं लिहिलेलं असो, त्यांनी ते पाहिलंच नाही. मागे पोटॅशियम नायट्रेट आहे का? ते दाताच्या नसेला शांत करतं. किंवा स्टॅनस फ्लोराइड आहे का? ते झिजलेल्या दातावरची बारीक छिद्रं बुजवतं. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ट्यूब परत. 'दात पांढरे करते' असं लिहिलेलं असेल तर परत, कारण त्यात बहुधा घासणारं खरखरीत काहीतरी असतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. एक जण म्हणाला, "काकू, साडी घेताय का?" त्या मान न वळवता म्हणाल्या, "साडी बदलता येते."

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न म्हणून एक काळी ट्यूब पुढे केली. "ही बघा, चारकोलवाली. हल्ली लय चालते."

कुसुमताईंनी ती दोन बोटांत धरून त्याच्याकडे परत सरकवली. "मी आयुष्य एकलहऱ्यात काढलंय. कोळसा बॉयलरला घालतात, तोंडात नाही."

म्हणून मला परवा हसू आलं, ईशा. तुझ्या दुखण्याचं नाही.

पेस्टने लगेच काही होत नाही. काही आठवडे गेले. मग एके दिवशी कुसुमताईंनी माझ्याकडे माठातलं पाणी मागितलं आणि कोमट न करता प्यायल्या. पण त्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ज्याचे दात दुखतात त्याला दुसऱ्याचे दुखणारे दात ओळखता येतात. हास्यक्लबात कुसुमताई आता नानांसमोर उभ्या राहू लागल्या. नाना मोठ्याने हसायचे, पण थंडीत तोंड मिटून. चहा बशीत ओतून निववायचे. आंब्याची फोड दाताने न तोडता चमच्याने खरवडून खायचे. पाणी पिताना मान मागे टाकून थेट घशात सोडायचे.

"मॅडम," त्या एकदा परत येताना म्हणाल्या, "नानांचे दात माझ्यापेक्षा वाईट आहेत."

त्यांच्या आवाजात दया नव्हती. सापडल्याचा आनंद होता.

पुढच्या वर्षी द्राक्षांच्या दिवसांत सोसायटीने नानांचा सत्कार ठरवला. त्याच कार्यक्रमात जवळच्या शाळेतल्या मुलांसाठी मंजनाच्या डब्या मुख्याध्यापिकांच्या हाती द्यायच्या होत्या. त्या शाळेत मागच्या वस्तीतली मुलं जातात. कुसुमताईंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.

"आधी पोरांचे दात झिजवून टाकायचे," त्या म्हणाल्या, "आणि मग त्यांनाच सांगायचं, तुमच्यात पद्धत नाय. बरं."

सत्काराच्या आदल्या दिवशी सायखेड्याहून भावाने पाठवलेली द्राक्षं आली. कुसुमताईंनी एकेक मणी पुसला आणि बिल्डिंगमधल्या घराघरांतल्या फ्रीजरमध्ये वाटून ठेवला. माझ्याकडे एक डबा, भामरेवहिनींकडे दोन. सकाळी मणी गोट्यांसारखे टणक झाले होते. ते चांदीच्या वर्खाने सजवलेल्या ताटात रचून त्या हॉलमध्ये आल्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मग कुसुमताई ताट घेऊन मंचावर गेल्या आणि निवेदकाच्या हातातला माईक आपण घेतला.

"आधी सत्कारमूर्तींचं तोंड गोड. घ्या नाना. आमच्या सायखेड्याची द्राक्षं."

नानांनी मणी घेतला. बोटांना गार लागताच त्यांना कळलं असावं. तोंडात टाकला आणि गालात धरून ठेवला.

"गालात नका धरू नाना, चावा. तुमच्या मंजनाचे दात आहेत. सगळ्यांना आवाज ऐकू द्या." आणि माईक त्यांच्या तोंडाजवळ नेला.

लोकांना ते कौतुकच वाटलं. टाळ्या सुरू झाल्या. नाना अडकले. त्यांनी डोळे मिटून चावलं. स्पीकरमधून आधी 'कर्र' असा आवाज आला, आणि पाठोपाठ आख्ख्या हॉलभर, "आई गं!"

नानांनी दोन्ही हातांनी जबडा धरला. लोक हसायला लागले. कुसुमताई हसल्या नाहीत. हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या, मग माईक स्वतःच्या तोंडाशी आणला.

"पिढ्यान्‌पिढ्या दात घासायची पद्धत नसली की असं होतं. नाही का, नाना?"

आधीच्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. कुसुमताईंनी पदराखालून पेस्टची ट्यूब काढून शालीवर ठेवली. "ही माझ्याकडून. मागचं सगळं वाचून घेतलीये. आता फक्त एवढंच सांगा, माझे दात कशाने गेले?" आणि माईक पुन्हा पुढे केला.

नानांनी माईककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. म्हणाले, "कार्यक्रमाला उशीर होतोय," आणि खाली बसले.

मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत होत्या. मंजनाच्या डब्या शाळेत गेल्या नाहीत. मी कुसुमताईंना म्हटलं, जिंकलात तुम्ही. त्या म्हणाल्या, "अर्धं झालं. वाक्य अजून तिथंच आहे."

काही दिवसांनी दुपारी नाना त्यांच्या दारात आले. मी आत चहा घेत होते.

"कुसुमताई, झालं गेलं. त्या दिवशी जरा जास्तच बोललो मी. मनात काही नव्हतं."

"मनात नव्हतं ते माईकवर कसं आलं?"

"आता मी माफी मागतोय ना."

"इथे? दारात? ऐकायला कोण आहे, मी आणि मॅडम. त्या दिवशी सगळी सोसायटी होती. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, नाना. दोन मिनिटं लागतील."

"बघू."

"बघा. मी थांबते."

नाना वळले. पुन्हा थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "ती ट्यूब... जेवणाआधी की नंतर?"

कुसुमताईंनी सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. सकाळी आणि झोपण्यापूर्वी. ब्रश मऊ, हात हलका. झालं की थुंकायचं, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, औषध धुऊन जातं. फार दुखणाऱ्या जागी बोटाने थोडी लावून ठेवायची. चार दिवसांत सोडून द्यायची नाही. आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. नाना मान डोलवत ऐकत होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "इतकं सगळं सांगितलंत?"

"दुखणं खरं आहे त्यांचं. ते मला माहितीये काय असतं." त्यांनी कप उचलले. "वाक्याचं वेगळं."

नाना मीटिंगला आले नाहीत. त्या महिन्यात नाही, पुढच्याही नाही. नागपूरहून मुलाचे फोन येत राहिले. कुसुमताई प्रत्येक मीटिंगला इस्त्रीची साडी नेसून जायच्या, दुसऱ्या रांगेत बसायच्या आणि परत यायच्या. मग पावसाळ्याच्या शेवटी नाना झोपेतच गेले.

मला वाटलं, आता संपलं. कुसुमताई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, यांच्या घरातलंच माणूस गेलंय.

शोकसभा त्याच हॉलमध्ये होती. नानांचा फोटो, हार, तोच माईक. लोक बोलले. नानांचा उत्साह, हास्यक्लब, आयुर्वेद. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, आणखी कुणाला बोलायचंय? आणि दुसऱ्या रांगेतून कुसुमताई उठल्या.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "कुसुमताई, आजचा प्रसंग... गेलेल्या माणसाबद्दल..." असं म्हणत त्यांनी माईक छातीशी धरला.

समोर नानांच्या पत्नी बसल्या होत्या. आम्ही त्यांना नानी म्हणायचो. सगळी वर्षं नानांच्या मागे दोन पावलं चालणारी ती बाई मान वर न करता म्हणाली, "बोलू द्या त्यांना."

कुसुमताईंनी माईक घेतला. फोटोला नमस्कार केला. मग लोकांकडे वळल्या.

"नाना या हॉलमध्ये, याच माईकवर माझ्याबद्दल एक वाक्य बोलले होते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दात घासायची पद्धत नाही, असं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ते खोटं होतं. माझे दात त्यांच्या मंजनाने गेले, आणि त्यांचेही त्यानेच गेले. हे त्यांना माहीत होतं. जास्त बोललो, माफी मागतो, असं ते मला दारात म्हणाले, पण इथे येऊन म्हणायचं राहून गेलं. आता ते येऊ शकत नाहीत. म्हणून नानांच्या वतीने ते वाक्य मी मागे घेते."

त्यांनी माईक सेक्रेटरींच्या हातात दिला, नानींपाशी जाऊन त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि सरळ चालत दाराकडे गेल्या. मी मागोमाग उठले.

"झालं काम," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोराला सांगते, तिकीट काढ."

दाराशी थंड पाण्याचं मशीन आहे. त्यांनी स्टीलचा ग्लास घेतला आणि काठोकाठ भरला. ग्लासावर बाहेरून बाष्प धरेल इतकं गार पाणी होतं ते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच जावं लागणार होतं. कुसुमताई तिथेच, दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ते पाणी प्यायल्या. घशात सोडून नाही. पुढच्या दातांवरून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळे कोरडे होते.

मग ग्लास धुतला आणि पालथा घातला.